बस वळायची जागा

डबलबेल काकींचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर असेल तर असो. गावात ते कुणाला ठाऊक नाही, आणि चुकून कुणी त्या नावाने हाक मारलीच, तर काकी स्वतःच मागे वळून दुसरं कोण उभं आहे ते बघतील. उभी हयात त्यांनी बसमध्ये कंडक्टरकी केली. घंटीची दोरी एकदा ओढली की बस थांबते आणि दोनदा ओढली की सुटते, हे एवढं एकच सत्य त्यांना जगात पुरतं पटलेलं. बाकीच्या सत्यांबद्दल त्या केव्हाही वाद घालायला तयार असत.

नोकरी लागली तेव्हा डेपोत कंडक्टर बाई अशी ही पहिलीच. साहेब म्हणाले होते, "बाईमाणसाला दिवसभर उभं राहणं झेपेल का?" काकी म्हणाल्या, "साहेब, घरी काय मी खुर्चीत बसून स्वयंपाक करते?" साहेबांना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी नेमणूक दिली, असं काकी सांगतात. साहेब आता नाहीत, त्यामुळे त्यांची बाजू कळायला मार्ग नाही.

नोकरी संपली, पण सवय काही जात नाही. पाहुणा दारात उभा राहून निघता निघता तासभर बोलत राहिला, की काकी दाराच्या कडीवर दोनदा टकटक करत. लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या रांगेत, एवढंच काय, दवाखान्यात डॉक्टरच्या दारापाशीसुद्धा "पुढे सरका, पुढे सरका, मधे जागा आहे," हे त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडे आणि लोकही मुकाट्याने सरकत. नवरा बिचारा मितभाषी. एका घंटीत थांबायचा, दोन घंट्यांत निघायचा. असाच एक दिवस, कुणी घंटी न देताच, निघून गेला. याबद्दल काकींचा त्याच्यावर अजून राग आहे.

घर गावाच्या वरच्या टोकाला. खालच्या पुलापासून रस्ता चढ चढत, दम खात, घरांच्या मधून वाट काढत वर येतो आणि काकींच्या दारासमोर संपतो. तिथे एक सपाट मोकळी जागा. या घरात दोन बायका राहतात: काकी आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि आता दोघेही फोटोत. जाऊबाई अंगाने भारदस्त, बोलणं सावकाश आणि शेवटचा शब्द कायम त्यांचा. दोघींचं रोजचं भांडण रस्त्याकडच्या खिडकीवरून. काकींना ती उघडी हवी, जाऊबाईंना बंद. त्यामुळे खिडकी बिचारी दिवसभर अर्धवट.

"धूळ येते गं."

"जाऊबाई, धूळ नाही, वारा आहे तो."

"मग तुझा वारा अंगावर घेऊन मी रोज फडकं मारते वाटतं?"

जाऊबाईंचे यजमान, म्हणजे काकींचे भाऊजी, शहरात बाजारपेठेत घड्याळं दुरुस्त करायचे. हजारो लोकांची वेळ त्यांनी सुरळीत केली आणि स्वतः आयुष्यात एकदाही वेळेवर पोचले नाहीत. सकाळी बस दारासमोर वळून उभी राहायची, माणसं चढायची, ड्रायव्हर इंजिन चालू करायचा आणि भाऊजी आतून ओरडायचे, "आलो, आलो!" मग एक चप्पल पायात, एक हातात, डबा काखेत अशा थाटात ते यायचे. तोवर कंडक्टर काकी दोरीला हात लावत नसत. गाडीतले लोक कुरकुरले की म्हणत, "ज्याला घाई असेल त्याने उतरून पुढे पळावं. मी तिकिटाचे पैसे परत देईन." एकही पळाला नाही.

पण ह्याच भाऊजींमुळे बस वर येत होती, हेही खरं. त्यांच्या तरुणपणी बस पुलापर्यंतच यायची. डेपोवाले म्हणायचे, वर वळायला जागा नाही. तेव्हा भाऊजींनी गावातली माणसं जमवली, पहारी आणि घण घेऊन खडक फोडला, भराव टाकला, आणि गाडीला वळता येईल एवढी जागा केली. त्या कामाला मात्र, म्हणे, ते रोज वेळेवर यायचे.

काकी एकदा लेकीच्या बाळंतपणाला शहरात जाऊन राहिल्या. नेमका त्याच काळात गावचा रस्ता दुरुस्तीला काढला होता. सगळा उखडून ठेवलेला, बस बंद. आणि त्याच काळात गावात छोट्या अनुदानांची एक योजना आली. दूरच्या गावातल्या माणसांना दवाखाना, बँक, शाळा, कचेरी इथवर पोचणं सोपं व्हावं म्हणून लहान लहान कामांना पैसे मिळणार होते. योजना चांगली होती. गावसभा बसली. एक जण म्हणाला, चढाला कठडा करा. एक म्हणाली, पुलावर दिवा लावा. गावसभेचे अध्यक्ष मात्र गंभीरपणे विचार करत होते की यांतल्या कशापुढे फीत बांधता येईल. कठड्यापुढे फीत बांधली तर ती कुणाला दिसत नाही. दिव्यापुढे बांधली तर जळते. शेवटी ठरलं: बसथांब्यावर निवारा. लोखंडी खांब, वर पत्रा, आत बाक, दर्शनी पाटी.

कुठे बांधायचा? गवंडी म्हणाला, "याला काय विचारायचं? अख्ख्या गावात एवढी सपाट, एवढी मोकळी जागा दुसरी आहे का?"

नव्हतीच. या गावात हातभर रिकामी जागा दिसली की कुणीतरी तिथे लाकडं रचतं, नाहीतर शेळी बांधतं. मग ही एवढी ऐसपैस जागा इतकी वर्षं तशीच कशी राहिली, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. बस बंद होती ना! जागा बसनेच मोकळी ठेवली होती, आणि आठवण करून द्यायला बस तिथे नव्हती.

पाटीवर नाव कुणाचं द्यायचं यावर मात्र वाद झाला नाही. बस वर आणली भाऊजींनी, तेव्हा नाव त्यांचंच. जाऊबाई तो दिवसभर पदराने डोळे टिपत होत्या. नवऱ्याचं नाव आजवर फक्त घड्याळदुरुस्तीच्या बिलावर छापलेलं त्यांनी पाहिलं होतं.

रस्ता झाला. उद्घाटनाचा दिवस ठरला. पाहुण्यांना घेऊन पहिली बस वर यायची होती, आणि तिच्यातूनच काकी लेकीकडून परतत होत्या, मागच्या बाकावर, मांडीवर बोचकं. ड्रायव्हर त्यांचा जुना सोबती. गाडी इतकी जपून चालवायचा की डेपोत त्याला 'सावकाश' म्हणत. गाडी वर आली. काकी उतरल्या. समोर निवारा, निवाऱ्यासमोर फीत, फितीसमोर अध्यक्ष. टाळ्या चालू होत्या.

काकींनी एकदा बसकडे पाहिलं, एकदा निवाऱ्याकडे.

"अहो, गाडी वळणार कुठे?"

"काकी, आधी फीत कापू द्या," अध्यक्ष म्हणाले.

फीत कापली. भाषणं झाली. योजनेकडून आलेल्या मॅडमनी फोटो काढले. त्यांनी ती जागा आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती, त्यांना काय कळणार? मग सावकाशने इंजिन चालू केलं, चाक एकीकडे फिरवलं, दुसरीकडे फिरवलं, पुढे बाक आला, मागे काकींचा ओटा आला, आणि त्याने डोकं बाहेर काढून काकींकडे पाहिलं. काकींनी पाहुण्यांकडे पाहिलं. शेवटी बस रिकामी करून उलटी उलटी पुलापर्यंत नेली, आणि पाहुणे बसच्या तोंडासमोर चालत चढ उतरले. बस आपल्याला निरोप द्यायला पाठ न दाखवता चालली आहे, असा काहींचा समज झाला.

दुसऱ्या दिवसापासून बस पुलापर्यंतच येऊ लागली.

आता गावाकडे सगळं होतं. बाक होता, छत होतं, पाटी होती, वेळापत्रक लावायला जागा होती. फक्त बस नव्हती. निवाऱ्यात एक तपकिरी शेळी येऊन बसायची. काकी म्हणत, "हिचं बरं आहे. हिला कुठे जायचंच नाही."

पण जाऊबाईंना जायचं होतं. साखरेचं दुखणं जुनं, त्यात पायाला झालेली जखम चिघळली. शहरातल्या दवाखान्यात आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला यायला सांगितलं होतं. डॉक्टरने साफ बजावलं होतं, "चालायचं नाही, आणि चुकवायचंही नाही. चुकवलंत तर पाय वाचेल असं मी सांगू शकत नाही." चढ उतरून पुलापर्यंत जायचं म्हणजे चालायचं, आणि न चालायचं म्हणजे चुकवायचं. एकदा गवंड्याच्या टेम्पोतून नेलं. जाऊबाई सिमेंटच्या गोण्यांवर बसून गेल्या आणि पांढऱ्याफटक होऊन परत आल्या. "पुन्हा नाही," म्हणाल्या. "मी काय भिंतीला लावायची आहे?"

काकींनी पदर खोचला.

आधी त्या योजनेच्या कचेरीत गेल्या. मॅडम उद्घाटनाला आलेल्याच. त्यांनी काकींना खुर्ची दिली, सगळं नीट ऐकून घेतलं.

"काकी, अडचण कळते मला. पण निवारा बांधायला अनुदान असतं. हलवायला नसतं."

"तुमची योजना कशासाठी आहे?"

"सेवांपर्यंत पोचण्यातले अडथळे दूर करण्यासाठी."

"मग अडथळा मी दाखवते. लोखंडी आहे. तुमच्याच पैशाचा आहे. दूर करा."

मॅडम मोठ्याने हसल्या. मग गंभीर झाल्या. वरिष्ठांशी बोलते म्हणाल्या, आणि खरंच बोलल्या, काकींच्या देखत, फोनवर. फोन ठेवून म्हणाल्या, "नवीन मागणी करता येईल. गावसभेचा ठराव हवा. आणि ज्यांचं नाव दिलंय त्यांच्या घरच्यांची संमती."

"संमती घरातच आहे," काकी म्हणाल्या. "म्हणजे कठीण आहे."

अध्यक्ष म्हणाले, "ठराव पुढच्या सभेत बघू."

"पुढची सभा कधी?"

"ती या सभेत ठरेल."

"आणि ही सभा?"

"ही बोलवायला हवी."

काकी तिथून उठल्या, त्या दाराच्या कडीवर दोनदा टकटक करूनच. पण खरी लढाई घरी होती. जाऊबाई खाटेवर पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या. खिडकी अर्धवट.

"जाऊबाई, तो निवारा जरा बाजूला घेऊ या."

"का?"

"का म्हणजे? तुमच्या पायासाठी!"

"माझा पाय गेला तर जाऊ दे. त्यांचं नाव तिथून हलायचं नाही. ती जागा त्यांनी केली आहे. हाताला फोड आले होते, मी हळद लावत होते रोज."

"जागा त्यांनी बसला दिली होती, पाटीला नव्हे!"

"तू मला शिकवू नकोस. तू तेव्हा या घरात आली नव्हतीस."

"आणि पाय काय पाटीला टेकवून चालणार आहात?"

"कंडक्टर," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. त्या फार रागावल्या की धाकट्या जावेला हुद्द्याने हाक मारत. "खिडकी लाव."

काकींनी खिडकी सताड उघडली आणि बाहेर पडल्या.

ड्रेसिंगच्या दिवशी सकाळी काकी पुलावर उभ्या. अंगात नोकरीतला खाकी कोट, गळ्यात शिट्टी. सावकाशने गाडी थांबवली आणि कोट पाहूनच कपाळाला हात लावला.

"काकी, काय मनात आहे?"

"गाडी वर घे."

"वळणार कुठे?"

"वळायची कशाला? इथे पुलावर वळव आणि उलटी वर घे. येताना सरळ ये. मी मागे चालते शिट्टी घेऊन."

"नियमात नाही बसत."

"वर वळता येत नाही असं तुझा डेपो म्हणतो. उलटं चढू नये असं कुणी सांगितलंय तुला?"

"कुणी सांगितलं नाही, कारण कुणाच्या डोक्यात असलं आलंच नसेल!"

"मग आता आलंय. चल. आणि तुझ्या नावाला जाग."

सावकाशने आधी गाडीतल्या लोकांकडे पाहिलं. लोक म्हणाले, घ्या की. त्यांना दिवसभर सांगायला काहीतरी हवंच होतं.

त्या दिवशी गावाने जे पाहिलं ते नातवंडांना सांगण्यासारखं आहे. बस ढुंगणाकडून गावात आली. पुढे, म्हणजे मागे, काकी: एक हात वर, तोंडात शिट्टी, दर वळणावर गाडीच्या पत्र्यावर थाप. "येऊ दे, येऊ दे, डावीकडे, अरे तुझं डावीकडे, माझं नव्हे! बस, बस, बस!" कोंबड्या पळाल्या. शेळ्यांनी भिंतींवर उड्या मारल्या. न्हाव्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेला एक माणूस टॉवेल गळ्यात घेऊन तसाच बाहेर आला. गाडी थेट दारापाशी थांबली, आणि खाटेवरून उठून दारात आलेल्या जाऊबाईंनी मागच्या काचेकडे बघत विचारलं, "हिचं तोंड कुठाय?"

"पलीकडे आहे. तुम्ही चढा."

"पाठमोऱ्या गाडीत मी बसायची नाही."

"जाऊबाई, पाठमोरी फक्त आली आहे. जाताना तोंड वर करूनच जाणार आहे, आणि आपणही तसंच जायचं आहे!"

जाऊबाई चढल्या. पायरी उंच होती. काकींनी खालून आणि सावकाशने वरून, असं मिळून त्यांना आत घेतलं. ड्रेसिंग झालं. पुढच्या खेपेलाही झालं. गावातले लोक बस यायच्या वेळी दारात खुर्च्या टाकून बसू लागले. अध्यक्ष घरातूनच बघत, पण बघत.

मग डेपोपर्यंत बातमी गेलीच. सावकाशला कडक ताकीद मिळाली: पुन्हा असं झालं तर गाडीवरून उतरवू. त्याची नोकरी संपायला थोडीच वर्षं उरलेली, घरी लग्नाची मुलगी. ताकिदीचा कागद त्याने काकींपुढे धरला. पुलावर मान खाली घालून बसला. काकींनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि त्याच गाडीने थेट डेपोत गेल्या. आताचे साहेब त्यांच्या मुलाच्या वयाचे.

"काकी, मी माझ्या माणसाला धोका पत्करू देणार नाही," साहेब म्हणाले. "उद्या एखादं पोर गाडीमागे आलं तर? तुम्हीच सांगा."

काकींनी गळ्यातली शिट्टी काढून मुठीत घेतली.

"वळायची जागा द्या," साहेब म्हणाले, "दुसऱ्या दिवशी गाडी वर पाठवतो. माझा शब्द."

पुढचा ड्रेसिंगचा दिवस उजाडला. काकी म्हणाल्या, "जाऊबाई, आज गाडी येणार नाही. टेम्पो सांगितला आहे. गोण्या काढून गादी घातली आहे."

"टेम्पोत मी बसणार नाही."

"मग काय करणार?"

जाऊबाईंनी बाहेरची साडी नेसली, पिशवी घेतली, काठी घेतली आणि पाय ओढत त्या समोरच्या निवाऱ्यात जाऊन बाकावर बसल्या, नवऱ्याच्या नावाखाली. शेळीला काठीने बाजूला केलं.

"निवारा कशासाठी बांधलाय?" त्या म्हणाल्या. "बसची वाट बघायला. मी बघते."

"येणार नाही बस!"

"का नाही येणार? पाटी आहे."

काकी ओट्यावर बसल्या, समोरासमोर. दोघींमध्ये तेवढा रस्ता. गवंडी टेम्पो घेऊन आला, दोघींकडे पाहून इंजिन बंद करून बाजूला बसला. शेजारणीने चहा आणला. जाऊबाईंनी घेतला, काकींनी घेतला, पण एकमेकींकडे पाहिलं नाही. पत्रा तापू लागला. निवाऱ्याचं तोंडही असं केलेलं की ऊन थेट आत यावं.

मग खालून पुलावरून बसचा भोंगा ऐकू आला. आणि जाऊबाई उठल्या. दुखऱ्या पायावर जोर देऊन, पिशवी छातीशी धरून, पुढे वाकून रस्त्याच्या वळणाकडे बघत उभ्या राहिल्या. येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी उठल्या. भोंगा दुसऱ्यांदा वाजला, जरा लांब. मग गेलाच. जाऊबाई तशाच थोडा वेळ उभ्या होत्या. बसल्या तेव्हा पायाच्या पट्टीवर लाल डाग आला होता.

काकी ओट्यावरून उतरल्या, आल्या आणि बाकावर शेजारी बसल्या.

जाऊबाई म्हणाल्या, "तू त्यांच्यासाठी गाडी थांबवून धरायचीस. ते नियमात बसायचं?"

"नाही बसायचं."

"मग का धरायचीस?"

"माणूस पळत येताना दिसत असला की घंटीला हात जात नाही, जाऊबाई. आणि भाऊजी तर एक चप्पल हातात घेऊन यायचे."

जाऊबाईंना हसू आलं. मग ते ओठावरच थांबलं.

"त्यांनी उभ्या जन्मात बसची वाट पाहिली नाही गं," त्या म्हणाल्या. "बसनेच त्यांची पाहिली. आणि ह्या लोकांनी नाव दिलंय कशाला, तर वाट बघत बसायच्या जागेला!" त्यांनी काठी आपटली. "गवंड्या! ए, झोपलास काय? टेम्पोत पाना आहे का?"

"आहे की, आजी."

"मग बोल्ट काढ याचे."

गवंड्याने काकींकडे पाहिलं. काकी म्हणाल्या, "ऐकलंस ना? ह्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो."

बोल्ट नवेच होते, भराभर निघाले. शेजारपाजारची माणसं जमली. न्हावी आला. खुर्च्या टाकून बस बघणारे सगळे आले. त्यांना खुर्चीतून उठायला काहीतरी कारण हवंच होतं. आणि अध्यक्ष धावत आले, धापा टाकत.

"थांबा! ठराव झालेला नाही! ही अनुदानाची मालमत्ता आहे! असं कसं उचलता?"

"अध्यक्ष," जाऊबाई म्हणाल्या, "नाव माझ्या नवऱ्याचं आहे. आणि मी त्याला घेऊन घरी चालले आहे."

"मी हे होऊ देणार नाही. मी इथेच बसतो!" आणि अध्यक्ष बाकावर बसले, हाताची घडी घालून.

लोक काकींकडे पाहू लागले. काकींनी शिट्टी तोंडात घेतली. "बसू द्या त्यांना. ह्या थांब्यावर इतक्या दिवसांत पहिलाच उतारू मिळाला आहे. जरा दमाने उचला."

प्रत्येक खांबाला माणसं लागली. काकींनी शिट्टी दोनदा वाजवली. निवारा जमिनीपासून उठला, डुलला, आणि अध्यक्षांसकट चालू लागला. अध्यक्ष दोन्ही हातांनी बाक धरून "अरे, अरे, अरे" करत होते. मधेच त्यांनी उडी टाकली, तेव्हा काकी ओरडल्या, "चालत्या गाडीतून उतरू नका!" अख्खं गाव इतकं हसलं की खांबांवरचे हात सैल पडले आणि निवारा खाली टेकवावा लागला. सगळे पोट धरून हसत होते. शेवटी अध्यक्षही हसले, आणि हसल्यावर माणसाला विरोध करणं जड जातं. त्यांनी मुकाट्याने एक खांब धरला.

"पुढे सरका," काकी म्हणाल्या. "मधे जागा आहे."

निवारा काकींच्या ओट्याला टेकवून, घराच्या भिंतीला लावून उभा केला. त्याने रस्त्याकडची खिडकी पुरती झाकून टाकली. वर्षानुवर्षांचं भांडण एका दुपारी मिटलं. तेव्हापासून दोघी जावा पाटी कुणी पुसायची यावरून भांडतात.

त्याच संध्याकाळी टेम्पोतून, गादीवर बसून, जाऊबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टर ओरडले. जाऊबाईंनी मान डोलावली, ही त्यांच्या आयुष्यातली मोठी शरणागती होती. पाय वाचला. वेळ लागला, पण वाचला.

येताना काकी डेपोत सांगून आल्या, आणि डेपोच्या साहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी बस वर आली, तोंडाकडून. सावकाशने चाक फिरवलं, गाडीने भाऊजींच्या जागेवर सगळा घेर घेतला आणि एका दमात वळून दारापाशी उभी राहिली. सावकाशने भोंगा इतका लांबवर वाजवला की शेळी पुन्हा भिंतीवर गेली.

पुढे एकदा योजनेच्या मॅडम पाहणीला आल्या, त्याच बसमधून. उतरल्या, मोबाइलमधला फोटो पाहिला, समोर पाहिलं.

"काकी, फोटोत निवारा तिकडे आहे."

"फोटो काढला तेव्हा तिकडे होता. गाडी आली, तो पुढे सरकला."

"मंजुरीआधी केलेल्या कामाला मला अनुदान देता येणार नाही हो."

"मागितलंय कुणी? मागायला आले होते तेव्हा मिळालं नाही. आता काम झालंय, आणि पैशापेक्षा ते बरं झालंय. तुम्हाला परत तिकडे नेऊन ठेवायचा असेल तर न्या. पण ह्या बाईंना विचारून."

मॅडमनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी काठी नुसती दुसऱ्या हातात घेतली. मॅडम हसल्या आणि बाकावर बसल्या. "तिकडे नाही नेत. निवारा आहे, बस आहे, मला आणखी काय हवं? पण काहीतरी राहिलंच असेल ना? नवीन काम सांगा."

"पायरी," जाऊबाई म्हणाल्या. "बसची पायरी उंच आहे. इथे एक दगडी पायरी करा, म्हणजे मला सामानासारखं चढवायला नको."

पायरी मंजूर झाली. गवंड्याने केली, आणि ह्या वेळी बस दारात उभी असताना, तिच्या दाराला लावून मापं घेतली. अध्यक्ष म्हणाले, तिलाही एखादं नाव देऊ या. जाऊबाई म्हणाल्या, "तिच्यावर लोक पाय देणार. तुझं दे."

आता दवाखाना महिन्यातून एकदाच. त्या सकाळी गाडी वळून दारापाशी उभी राहते. लोक चढतात, सावकाश इंजिन चालू करतो. आतून आवाज येतो, "आले, आले! माझा चष्मा कुणी उचलला?" बसमधले लोक कुरकुरतात. नवा कंडक्टर, अगदी कोवळा, घंटीच्या दोरीला हात घालतो.

"हात खाली," दारात उभ्या काकी म्हणतात. एक पाय नव्या पायरीवर, एक ओट्यावर.

"काकी, उशीर होतोय."

"होऊ दे. त्या येतायत."

आणि बस वाट बघत उभी राहते.